आईनं सांगितलेलं यंत्र

कारखान्यात त्याला सगळे व्हर्नियर म्हणत. व्हर्नियर म्हणजे केसाच्या जाडीइतका फरकही दाखवणारं मोजायचं हत्यार. तपासणी विभागात बावीस वर्षं काढलेल्या या माणसाला ते नाव फिट्ट बसलं होतं. बेअरिंगचं कडं टेबलावर आलं की तो ते उजेडाकडे धरून असा न्याहाळायचा, जणू ते आता खोटं बोलणार आहे. त्याच्या हाताखालून खराब माल कधी गेला नाही, आणि चांगला मालही कधी वेळेवर गेला नाही, असं साहेब हसत हसत म्हणायचे.

घरीही तीच गत. सोफा घ्यायला त्यानं चौदा महिने लावले. तोवर आलागेला गादीवर बसायचा. "लग्नाला मात्र पटकन होकार दिलात की हो," असं बायको चारचौघांत म्हणायची. "तेव्हा आईनं ठरवलं होतं," असं तो खरं ते सांगून टाकायचा आणि लोक खो खो हसायचे.

आई निराळ्या मातीची. नवरा लवकर गेला, मग शिवणकामावर तिनं दोन मुलं वाढवली. टेप गळ्यात असायची, पण ती शोभेला. माणूस दारातून आत येईपर्यंत तिनं त्याच्या खांद्याचं माप नजरेनं घेतलेलं असायचं, आणि कात्री चालली की चालली. आता सत्त्याहत्तरीला ती त्याच्या घरापासून अर्ध्या तासावर, दोन खोल्यांच्या जुन्या घरात एकटीच राहायची. घरामागे फरशी घातलेलं छोटं अंगण होतं. तिथे कपडे वाळत घालायची दोरी, चार खुर्च्या आणि एक मोडकं शिवणयंत्र असे. अंगणाच्या भिंतीपलीकडे मोकळ्या जागेत एक दांडगं झाड होतं आणि त्याच्या निम्म्या फांद्या आईच्या बाजूला झुकलेल्या. दहा महिने ते झाड सावली द्यायचं आणि दोन महिने सूड उगवायचं. पानं, शेंगा, काटक्या, कुजकी फुलं, सगळं आईच्या फरशीवर.

त्या वर्षी डॉक्टरांनी तिला वाकायला मनाई केली. पानगळ सुरू झाली तेव्हा ती त्याला म्हणाली, "एक लांब दांड्याचा खराटा आणून दे रे. उभ्यानं झाडता येईल असा."

"खराट्यानं तुझा खांदा जाईल," तो म्हणाला. "हल्ली यंत्रं मिळतात. पानं फुंकून ढीग करतात, काही तर ओढून पिशवीत भरतात. मी बघतो."

"तू बघतो म्हणालास की मला धडकी भरते."

त्याचा हेतू वाईट नव्हता. आईच्या घरात जे काही होतं, ते तिनं स्वतः कमावलेलं किंवा स्वतः शिवलेलं होतं. आपल्या हातची एक तरी चांगली वस्तू तिच्याकडे असावी, तिनं ती शेजारणीला दाखवावी, असं त्याला फार वाटायचं. आणि चांगली वस्तू म्हणजे पारखून घेतलेली वस्तू, यात त्याला शंका नव्हती.

त्यानं वही केली. दुकानात जाऊन वेगवेगळी यंत्रं हातात धरून पाहिली. पेट्रोलवरचं सगळ्यात जोरदार, पण ते दोरी ओढून चालू करावं लागे आणि आईच्या खांद्याला तो झटका झेपला नसता. विजेच्या वायरचं हलकं होतं, पण वायरीत पाय अडकून ती पडली तर? बॅटरीचं बरं, पण वीस मिनिटांत धापा टाकायचं. पानं ओढून घेणाऱ्याची पिशवी भरली की वजन दुप्पट व्हायचं. ढकलत न्यायचं चाकांचं झाडणयंत्र त्याला मनापासून आवडलं. मग त्याला शंका आली, की आईची फरशी सपाट आहे का?

रविवारी तो मोजायची टेप घेऊन बायकोबरोबर आईकडे गेला. आईनं खुर्चीत बसल्या बसल्या टेपचं दुसरं टोक धरलं. दोन फरशा बाजूच्या फरशांपेक्षा बारा मिलिमीटर वर आलेल्या निघाल्या. चाक अडकणार. त्यानं वहीत काट मारली.

"मोजण्यात दोन तास घालवलेत," परत जाताना बायको म्हणाली. "तेवढ्यात तुमच्या हातानं झाडून झालं असतं."

"एकदा झाडून काय होतंय? उद्या परत पडणार."

"मग तो खराटा तरी द्या त्यांना."

खराटा त्यानं दिला नाही. एकदा खराटा आला, की यंत्र मागे पडणार, हे त्याला कळत होतं. पुढच्या रविवारी आईनंही विचारलं, "तुझं हे घोंगडं किती दिवस भिजणार आहे?" तो म्हणाला, "या आठवड्यात नक्की." दुकानदार भला माणूस होता. पाचव्या खेपेला तो म्हणाला, "साहेब, एकदा आईंनाच घेऊन या. त्यांच्या हाताला जे जड वाटणार नाही, ते घ्या. संपला विषय." त्याला हे पटलं. वहीत त्यानं तसं लिहूनही ठेवलं.

बुधवारी आई पडली. रात्री पाऊस भुरभुरला होता. सकाळी चहा झाल्यावर ती आखूड झाडू हातात धरून मागे गेली. वरची पानं सुकी दिसत होती, पण खालचा थर बुळबुळीत झालेला. शेजारच्या काकू कपडे वाळत घालायला बाहेर आल्या तेव्हा त्यांना भिंतीपलीकडून बारीक हाक ऐकू आली. अडीच तास आई त्या ओल्या पानांवर पडून होती. गार पडली होती, पण शुद्धीवर होती. काकूंना म्हणाली, "आधी माझा परकर नीट करा, मग कुणाला बोलवायचं त्याला बोलवा."

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण या वयात पडून राहणं वाईट. छातीत कफ होतो.

धाकटी बहीण दूरच्या शहरात शाळेत शिकवायची. तिच्या शाळेत परीक्षा चालू होत्या. ती रोज फोन करायची. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी तो आईला पाणी द्यायला उठला, तेव्हा आई फोनवरच होती. त्याला फक्त आईचं बोलणं ऐकू येत होतं.

"अगं, नाही. दादानं यंत्र केव्हाच आणून दिलंय. चांगलं आहे... मीच काढलं नाही त्या दिवशी... हो... हो गं, चुकलंच माझं... बरं, नाही घेणार झाडू. तू आधी परीक्षा उरक. मी कुठं पळून जात नाही."

हातात पेला धरून तो पलंगाशी उभा होता. फोन मागून घ्यावा आणि सांगून टाकावं, एवढंच करायचं होतं. आईनं फोन ठेवला आणि पाण्यासाठी हात पुढे केला.

"असं का सांगितलंस तिला?"

"तिचा स्वभाव तुला माहीत नाही? जन्मभर तुझं तोंड बघणार नाही ती. मी गेल्यावर तुम्हा दोघांना दुसरं आहे कोण?" दोन घोट पिऊन ती थांबली. "आता ते यंत्र आणून ठेव म्हणजे झालं. खोटं खोटं राहणार नाही."

तो त्याच संध्याकाळी दुकानात गेला. खरंच गेला. दुकानदारानं दोन यंत्रं समोर ठेवली. एक अर्धा किलोनं हलकं होतं, तर दुसऱ्याचा आवाज कमी. आई घरी आल्यावर तिला आता कुठलं पेलेल? की आता ती झाडणारच नाही, दुसरं कुणी झाडेल, मग जडच घ्यावं? तो अर्धा तास उभा राहिला आणि रिकाम्या हातानं परत आला. आई दवाखान्यात आहे, एवढी घाई कसली, असं त्यानं मनाशी म्हटलं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी आई गेली. धाकटी संध्याकाळच्या गाडीनं पोचली. चार तासांचा फरक पडला.

सगळं उरकल्यावर दोन दिवसांनी माणसं भेटायला यायची होती. आईनं शिवलेले कपडे घालून लहानाची मोठी झालेली माणसं, बरीच होती. आतल्या दोन खोल्यांत ती मावणं शक्यच नव्हतं. धाकटी मागचं दार उघडून उंबऱ्यात उभी राहिली. तीन आठवडे तिथे कुणी पाऊल टाकलं नव्हतं. खुर्च्यांच्या बैठकी पानांनी भरल्या होत्या आणि फरशी दिसत नव्हती.

"इथे खुर्च्या मांडाव्या लागतील," ती म्हणाली. "दादा, ते यंत्र कुठंय?"

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "माझ्याकडे आहे. बॅटरी चार्ज करायला नेलं होतं. घेऊन येतो."

बायको चहाचे कप उचलून आत गेली.

दुकानात ही त्याची सातवी खेप. दुकानदार नेहमीसारखा हसला. "काय साहेब, आईंना आणणार होता ना?"

"आत्ता लगेच चालू होईल असं कुठलंही द्या."

"कुठलंही?" दुकानदाराचं हसू मावळलं. "हे बॅटरीचं आहे. नव्या बॅटरीत अर्धा चार्ज असतो, दहा-पंधरा मिनिटं चालेल. पण तुम्ही जे दोन..."

"हेच द्या."

ते यंत्र त्याच्या वहीत नव्हतंच. वजन किती, आवाज किती, काही त्याला ठाऊक नव्हतं. चार मिनिटांत तो खोकं घेऊन बाहेर पडला. बैल गेला आणि झोपा केला, असं कुणी तोंडावर म्हणालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण दुकानदारानं फक्त दार उघडून धरलं.

दुकानामागे गाड्या लावायची मोकळी जागा होती. तिथे त्यानं गाडी थांबवली आणि खोकं फोडलं. यंत्र लख्ख होतं, कोऱ्या प्लास्टिकचा वास मारत होतं. वापरलेली वस्तू कशी दिसते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मुठीची चकाकी आधी जाते. नळीच्या खालच्या ओठावर चरे उठतात, तेही एकाच दिशेनं. खाचांमध्ये माती बसते आणि ती वरून पुसली तरी आत राहते. त्यानं नळीचं टोक डांबरावर घासलं. मूठ धुळीच्या फडक्यानं चोळली. गाडीच्या किल्लीनं कडेला दोन ओरखडे काढले, एक खोल, एक पुसट. चिखल बोटानं खाचांत भरला आणि वाळू दिला. खोकं, माहितीपुस्तिका, हमीपत्र, सगळं फाडून त्यानं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. पाऊण तास गेला. काम चोख झालं होतं. असा तुकडा त्याच्या टेबलावर आला असता, तर वापरलेला माल म्हणून त्यानं डोळे मिटून शिक्का मारला असता.

तो परतला तेव्हा धाकटी मागच्या पायरीवर बसली होती. तिनं यंत्र मांडीवर घेतलं आणि मुठीवरून हात फिरवला. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा सैल झाला.

"किती वापरलंय तिनं," ती म्हणाली. "तिला जमायचं हे?"

"जमायचं की."

"आवाजाला घाबरायची नाही? मिक्सर लावला तरी कान झाकायची."

"सुरुवातीला घाबरली," तो म्हणाला. शब्द आपोआप येत होते. "मग कानाला रुमाल बांधायची. सकाळी चहा झाला की बाहेर यायची. शेजारच्या काकूंना दाखवून झालं होतं."

धाकटी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "आणखी सांग."

त्यानं आणखी सांगितलं. आई यंत्राला काय म्हणायची, ते कुठे ठेवायची, पानं कुठल्या कोपऱ्यात लोटायची. धाकटी एकेक ऐकत होती, पाण्याला आसुसलेल्या माणसासारखी. मग ती म्हणाली, "चल, लाव."

बटण दाबलं तर यंत्र ढिम्म. त्यानं परत दाबलं. बॅटरी काढून पुन्हा बसवली. मुठीच्या बाजूला एक बारीक कळ होती, ती धरून मग बटण दाबायचं होतं, हे कळेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली. धाकटी पाहत होती. यंत्र एकदम किंचाळलं आणि वरची सुकी पानं भिंतीकडे पळाली. बायको दारात येऊन उभी राहिली.

वरचा थर गेला. खालचा जागचा हलेना. काळी, ओली, एकमेकांना चिकटलेली पानं, वाऱ्यानं नुसती थरथरायची आणि पुन्हा बसायची. तो नळी खाली धरून दोरीच्या दिशेनं सरकला, आणि तिथे त्याला ती जागा दिसली. माणूसभर लांबीची. इतर ठिकाणी पानं विस्कटलेली होती, इथे ती दाबून सपाट झाली होती, आणि एका बाजूला बोटांनी ओरबाडल्यासारख्या चार रेघा फरशीपर्यंत गेल्या होत्या. आईनं उठायचा प्रयत्न केला होता.

त्याच्या हातातलं यंत्र चालूच होतं. मग त्यानं बोट सोडलं.

"हे मी आत्ता आणलं," तो म्हणाला. "आज. आईनं हे कधी बघितलंसुद्धा नाही."

धाकटीला आधी कळलंच नाही. "मग हे ओरखडे?"

"मी काढले. गाडीच्या किल्लीनं."

"आणि काकूंना दाखवलं, रुमाल बांधायची, ते?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. ती उठून उभी राहिली. ओरडेल असं त्याला वाटलं होतं, तो वाटच पाहत होता. पण तिचा आवाज चढला नाही.

"तिनं काय मागितलं होतं?"

"लांब दांड्याचा खराटा."

झाडावरून दोन पानं आली, एक तिच्या पायाशी पडलं.

"त्या दिवशी मी फोनवर तिला ओरडले," धाकटी म्हणाली. "घरात यंत्र असताना झाडू कशाला हातात घेतलास म्हणून. तुझ्या हट्टापायी सगळ्यांना त्रास, असं म्हणाले मी तिला. ती म्हणाली, हो गं, चुकलंच माझं. मी वैतागून फोन ठेवला. म्हटलं, तिचीच चूक आहे, परीक्षा संपल्यावर जाऊ. तू होतास तिथे?"

"पलंगाशी उभा होतो."

"ऐकत?"

"हो."

"पडायला कुणीही पडतं, दादा," ती म्हणाली. "तू चार महिने लावलेस की चार वर्षं, त्याचं मी काही म्हणणार नाही. तू असाच आहेस. पण मरताना तिनं माझी बोलणी खाल्ली आणि तू उभा राहून ऐकलंस."

त्याला सांगायचं होतं, की आईनंच तसं ठरवलं होतं. तेही खरंच होतं. पण त्यानं वाकून यंत्र भिंतीशी ठेवलं.

धाकटी शेजारी गेली आणि काकूंकडून दाताळं आणि फावडं घेऊन आली. दाताळं तिनं स्वतःकडे ठेवलं. बायकोनं पोती धरली. त्यानं फावड्यानं ओली पानं उचलली. त्या जागेशी तो आला तेव्हा धाकटीनं त्याला हातानं मागे सारलं, गुडघ्यांवर बसली आणि ती पानं नुसत्या हातांनी गोळा केली. उजेड होता तोवर नऊ पोती भरली. फरशी धुतली. बायको मधे एकदा म्हणाली, "पाणी प्या दोघं," आणि दोघं वेगवेगळ्या वेळी प्यायले.

माणसं आली, बसली, आईच्या शिवणाच्या गोष्टी सांगून गेली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "या वयातही काय स्वच्छ ठेवलं होतं हो मागचं." धाकटीनं त्यांच्यापुढे चहा ठेवला.

आठव्या दिवशी ती गेली. तो स्टेशनवर सोडायला निघाला होता, पण तिनं आधीच टॅक्सी सांगितली होती. बॅग उचलताना ती वहिनीच्या गळ्यात पडली. त्याला म्हणाली, "तब्येतीला जप." नंतर फोन यायचे ते बायकोच्या फोनवर. बायको कधी त्याच्याकडे फोन द्यायची, तेव्हा हवापाण्याचं, तिच्या शाळेचं बोलणं व्हायचं, मिनिटभराचं.

घराचं काय करायचं, हा प्रश्न वर्षभर पडून राहिला. त्यानं तीन-चार पर्याय वहीत लिहिले होते. भाड्यानं द्यावं, विकावं, की काही दिवस बंद ठेवून पाहावं. एका सकाळी कारखान्यात निघताना धाकटीचा फोन आला, या वेळी थेट त्याच्याच फोनवर.

"घराचं मी ठरवलंय," ती म्हणाली. "विकायचं. माणूसही पाहिलाय. कागद पाठवते, तू सही कर."

"एकदा बसून बोललो असतो आपण."

"नको. तू फक्त सही कर."

कागद आले. चार पानं होती. त्यानं ती वाचली नाही. जिथे जिथे खूण केली होती तिथे तिथे सही केली, आणि त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत पोस्टात टाकून आला.